सहाध्यायी मूल्यमापनात शेतातील छायाचित्रे : गुण न्याय्य कसे राहतील आणि चित्र सुरक्षित कसे राहील?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी संगणकशास्त्र शिकवतो. शेजारच्या कृषी महाविद्यालयातील सहकाऱ्यांबरोबर आम्ही एक छोटी ऑनलाइन व्यवस्था उभी करीत आहोत. कृषीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी गावोगावी राहतात, पऱ्हाटीत (कपाशीच्या पिकात) फिरून डोमकळ्या, म्हणजे बोंडअळीमुळे न उमललेली फुले, शोधतात, हिरवी बोंडे फोडून गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव मोजतात आणि छायाचित्रांसह टिपण पाठवतात. प्रत्येक टिपण एकट्या शिक्षकाने न तपासता पाच सहाध्यायींनी निकषांनुसार तपासावे, अशी योजना आहे. शिक्षकाचे ओझे कमी व्हावे हा त्यामागचा मुख्य हेतू नाही. दुसऱ्याने काढलेल्या छायाचित्रात डोमकळी कोणती आणि नुसते उशिरा उमलणारे फूल कोणते, हे ज्याला ठरवावे लागते त्याची स्वतःची नजर तयार होते. कीथ टॉपिंग यांनी १९९८ मध्ये महाविद्यालयीन सहाध्यायी मूल्यमापनाचा जो आढावा घेतला, त्यातही तपासणाऱ्याला होणाऱ्या लाभाला महत्त्वाचे स्थान आहे.

अडचण अशी की या विषयावरचे संशोधन दोन वेगळ्या दालनांत चालते. गुणदान न्याय्य कसे करावे हे शैक्षणिक तंत्रज्ञानाचे अभ्यासक सांगतात, चित्राचे संरक्षण कसे करावे हे प्रतिमा-प्रक्रियेचे अभ्यासक सांगतात, आणि दोघे एकमेकांचे फारसे वाचत नाहीत. आमच्या व्यवस्थेत मात्र हा एकच प्रश्न आहे, कारण गुण देण्यासाठी चित्र मुद्दाम पाच अनोळखी हातांत द्यायचे आहे. ज्याला आपण स्वतःहून चित्र दाखवतो त्याच्यापासून ते कसे जपायचे, यावर या धाग्यात सविस्तर चर्चा व्हावी अशी विनंती आहे.

झाडीपट्टी

सर, मी ब्रह्मपुरीकडे संख्याशास्त्र शिकवते, म्हणून आधी गुणांविषयी लिहिते.

पाच तपासनीसांनी दहापैकी ७, ८, ८, ७ आणि १ असे गुण दिले तर सरासरी ६.२ येते आणि मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा गुण, ७ येतो. एका रागावलेल्या किंवा निष्काळजी तपासनीसाचा परिणाम मध्यक सहन करतो, म्हणून सुरुवातीला तोच घ्यावा. पण पाचांपैकी तिघांनी संगनमत केले तर मध्यकही त्यांच्याच हातात जातो.

यापुढचा टप्पा म्हणजे प्रत्येक तपासनीसाचा स्वभाव अंकांत मांडणे. कोणी सर्वांनाच सढळ हाताने गुण देतो, तो त्याचा कल. कोणाच्या गुणांत मेळ असतो, कोणाच्या नसतो, ती त्याची विश्वासार्हता. क्रिस पीच, अँड्र्यू अंग, डॅफ्नी कोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील एका अभ्यासक्रमातील ६३ हजारांहून अधिक गुणनोंदी घेऊन हे दोन्ही घटक संभाव्यतेच्या प्रारूपाने वेगळे काढले आणि तशी दुरुस्ती केल्यावर गुण अधिक अचूक येतात असे दाखवले.

तरीही मला खरी काळजी वेगळीच वाटते. हे बहुतेक संशोधन हजारो विद्यार्थ्यांच्या वर्गांवर झालेले आहे आणि आपल्याकडचे वर्ग लहान आहेत. चाळीस जणांच्या वर्गात माझे टिपण माझ्या एखाद्या ठरावीक मैत्रिणीकडे जाण्याची शक्यता ५ भागिले ३९, म्हणजे सुमारे १३ टक्के असते. बारा जणांच्या गटात तीच ५ भागिले ११, म्हणजे ४५ टक्क्यांवर जाते. शिवाय लहान वर्गात अक्षर ओळखू येते, बांध ओळखू येतो, मागे उभा असलेला माणूसही ओळखू येतो. नाव झाकले म्हणजे ओळख झाकली गेली असे समजून बांधलेली कोणतीही पद्धत आपल्या तालुक्यांत लगेच फसेल. म्हणून तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एकच गट करावा आणि कोणतेही टिपण स्वतःच्या महाविद्यालयात तपासायला जाऊ देऊ नये, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे.

मृगबहार

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला मी पूर्ण सहमत आहे. मी वरुड भागातील आहे, कृषी पदवीधर आहे आणि सध्या घरची संत्र्याची बाग पाहतो. विद्यार्थी असताना आमची शेतातील छायाचित्रे वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरच एकमेकांना तपासायला दिली जात. त्यातील माझ्या एका मित्राने काढलेले डोमकळीचे छायाचित्र पुढच्याच हंगामात तालुक्यातील एका कीटकनाशक विक्रेत्याच्या जाहिरातीत आले, आणि त्यात मागे उभे असलेले शेतकरी काका स्पष्ट दिसत होते. त्यांच्या शेतात प्रादुर्भाव आहे ही गोष्ट चार गावांत पसरली. कापूस विकताना व्यापाऱ्याने तेच बोलून दाखवले, तेव्हा त्यांना किती वाईट वाटले असेल याची कल्पना करा. छायाचित्र कोणी बाहेर दिले हे शेवटपर्यंत कळले नाही आणि संशय मात्र सर्वांवर राहिला.

म्हणून चित्राविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मोबाईलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये दिनांक, वेळ, मोबाईलचे मॉडेल आणि स्थाननोंद चालू असेल तर अक्षांश-रेखांशही साठवलेले असतात. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवले तर ही माहिती गळून पडते, पण स्पष्टता टिकावी म्हणून तेच छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर सारी माहिती जशीच्या तशी पोहोचते. विद्यार्थी नेमके तेच करतात, कारण साध्या पाठवणीत चित्र दाबले जाते, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी त्यातील तपशील कमी केले जातात. अळीच्या बाबतीत ही दाबणी नडते. लहान अळी पांढरट असते, गुलाबी रंग नंतर येतो, आणि वीस हिरव्या बोंडांपैकी दोन बोंडांत अळी निघाली तर प्रादुर्भाव १० टक्के, म्हणजे आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचला असे धरतात. एक अळी दिसली की दोन, यावर फवारणीचा सल्ला बदलतो. चित्रातला तो एवढासा ठिपका गेला तर तपासणीला अर्थ राहत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. टिपणासोबत सातबाराचे छायाचित्र जोडण्याची पद्धत कृपया बंद करा. त्यावर नाव आणि गट क्रमांक असतो, आणि बोंडअळी ओळखण्याशी त्याचा काहीही संबंध नसतो.

पैनगंगाकाठ

भाऊ, आपला अनुभव या धाग्याच्या गाभ्याशी आहे. सातबाराचा मुद्दा तर मी आजच सहकाऱ्यांपुढे मांडतो.

स्थाननोंद काढून टाकणे हे पहिले काम आणि ते सर्व्हरवरच व्हायला हवे, विद्यार्थ्याच्या आठवणीवर सोडता कामा नये. मूळ फाइल सर्व्हरवर सुरक्षित ठेवावी आणि तपासनीसाला जाणारी प्रत नव्याने तयार करावी. हे ओळख लपवण्यासाठी तर आहेच, पण न्यायासाठीही आहे. चिन्मय कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मोठ्या ऑनलाइन वर्गांतील सहाध्यायी मूल्यमापनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थी आपल्याच देशातील सहाध्यायीच्या कामाला इतरांपेक्षा सरासरी ३.६ टक्के जास्त गुण देत असल्याचे आढळले. देशाच्या ठिकाणी तालुका किंवा महाविद्यालय घातले तर हा कल आपल्याकडे कमी होईल असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरे काम म्हणजे प्रत्येक तपासनीसाच्या प्रतीत वेगळी, डोळ्यांना न दिसणारी खूण घालणे. चित्र बाहेर गेले तर कोणती प्रत गेली हे त्या खुणेवरून ओळखता येते. खूण कोठे घालायची यावर सारे अवलंबून आहे. सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या आठ बिटांपैकी सर्वांत कमी किमतीच्या बिटात माहिती लपवणे. पाठ्यपुस्तकांत हीच आधी शिकवतात, पण जेपेग या छायाचित्रे साठवण्याच्या प्रचलित रीतीची एक दाबणी झाली की ती खूण नाहीशी होते. जेपेगमध्ये चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचे रूपांतर मंद आणि वेगवान चढउतारांच्या गुणकांत करतात, आणि डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून देतात. खूण त्या बारकाव्यांत लपवली असेल तर तीही त्यांच्याबरोबर जाते.

इंगेमार कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याच्या उलट मार्ग मांडला. खूण चित्राच्या सर्वांत ठळक गुणकांत, अगदी थोड्या थोड्या प्रमाणात पसरून घालायची. ती पुसायची तर चित्रच बिघडवावे लागते. त्यांनी असे चित्र छापून, झेरॉक्स काढून, पुन्हा स्कॅन करून पाहिले आणि तरीही खूण ओळखता आली. आपल्या दृष्टीने त्यांचा आणखी एक प्रयोग महत्त्वाचा आहे. एकाच चित्राच्या वेगवेगळ्या खुणा असलेल्या पाच प्रतींची सरासरी काढून त्यांनी नवे चित्र तयार केले, आणि त्या चित्रात पाचही खुणा सापडल्या. पाच तपासनीसांनी एकत्र येऊन खूण पुसण्याचा प्रयत्न करणे ही आपल्या व्यवस्थेवरची सर्वांत स्वाभाविक चाल आहे, म्हणून या निष्कर्षाचे मोल मला फार वाटते.

अकोल्याचा_अभ्यासक

सर, मी प्रतिमा-कूटलेखनावर, म्हणजे किल्लीशिवाय चित्र पाहता येऊ नये अशा एन्क्रिप्शनवर, पीएच.डी. करीत आहे. आपण खुणांचा विचार केलात, पण एन्क्रिप्शनचा उल्लेखही केला नाही याचे आश्चर्य वाटले. अव्यवस्था-सिद्धांतावर (केऑस थिअरीवर) आधारलेल्या प्रतिमा-कूटलेखनावर जेसिका फ्रिड्रिक यांच्या १९९८ च्या कामापासून विपुल लेखन झाले आहे. पिक्सेलची जागा बदलणे आणि पिक्सेलचे मूल्य बदलणे या दोन पायऱ्यांनी चित्र पूर्णपणे अनाकलनीय होते. एका पिक्सेलमध्ये बदल केला की कूटचित्रातील सुमारे ९९.६ टक्के पिक्सेल बदलतात, अशा कसोट्यांवर या पद्धती उतरलेल्या आहेत. शेतकऱ्यांच्या छायाचित्रांसाठी अशी पद्धत वापरली तर गळतीचा प्रश्नच उरणार नाही, असे मला वाटते.

पैनगंगाकाठ

आपल्या अभ्यासाबद्दल आदर ठेवूनच हे लिहितो. एन्क्रिप्शन हवेच, पण त्याची जागा सर्व्हरपासून मोबाईलपर्यंतच्या वाटेवर आणि साठवणुकीच्या डिस्कवर आहे. २००१ पासून प्रमाणित असलेली एईएस पद्धत ते काम उत्तम करते आणि जगभरातील जाणकारांनी ती वर्षानुवर्षे तपासलेली आहे. एवढेच जपावे लागते की माहितीचे ठरावीक लांबीचे ठोकळे पाडून प्रत्येक ठोकळा एकाच किल्लीने सुटा-सुटा कूटबद्ध करण्याची साधी रीत चित्रांसाठी कधीही वापरू नये. सारख्या ठोकळ्यांचे सारखेच कूट तयार होते आणि चित्राची बाह्यरेषा तशीच दिसत राहते.

मात्र माझा मुख्य मुद्दा निराळा आहे. तपासनीसाला गुण द्यायचे तर त्याच्या पडद्यावर चित्र उघडावेच लागते, आणि ते उघडल्या क्षणी कूटलेखनाचे संरक्षण संपते. मृगबहार भाऊंनी सांगितलेल्या घटनेत चित्र वाटेत कोणी चोरले नव्हते, ज्याला ते रीतसर दिले होते त्याच्याकडून ते बाहेर गेले.

९९.६ टक्क्यांच्या कसोटीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आठ बिटांच्या दोन पूर्णपणे यादृच्छिक चित्रांची तुलना केली तरी हाच आकडा येतो, कारण २५६ पैकी २५५ वेळा मूल्य वेगळे असणारच. कसोटी उतरली म्हणजे पद्धत अभेद्य ठरली असे होत नाही. या कसोट्या पार केलेल्या कितीतरी पद्धती पुढे हल्लेखोराने स्वतः निवडलेली चित्रे कूटबद्ध करून घेऊन फोडल्या गेल्या आहेत. आपल्यासारख्या अभ्यासकांनी प्रबंधात या बाजूचा कठोर विचार करावा अशी माझी मनापासून अपेक्षा आहे, कारण विदर्भातून असे काम होणे आम्हाला सर्वांना हवे आहे.

अकोल्याचा_अभ्यासक

आपला मुद्दा पटला. निवडलेल्या चित्रांच्या हल्ल्याचे विश्लेषण माझ्या मार्गदर्शकांनीही मागितले आहे. मग माझा प्रश्न असा आहे की तपासनीसाने पडद्याचे छायाचित्र दुसऱ्या मोबाईलने काढले तर खूण टिकेल का? त्यात चित्र तिरके होते, लहानमोठे होते, कडा कापल्या जातात.

पैनगंगाकाठ

नेमका प्रश्न विचारलात. चित्र तिरके झाले की खुणेचा शोध घेणाऱ्या प्रोग्रामला कोणता गुणक कोठे आहे हेच कळेनासे होते. खूण पुसलेली नसते, तिची जुळणी हरवलेली असते. फाबियां पेतीकोला यांच्या स्टरमार्क या चाचणीसाधनाने १९९७ च्या सुमारास अशाच किरकोळ वळवण्या-ताणण्यांनी त्या काळच्या अनेक पद्धतींना हरवले होते.

आपल्याकडे मात्र एक मोठी सोय आहे. मूळ चित्र आपल्याच सर्व्हरवर आहे. त्यामुळे बाहेर सापडलेले चित्र आधी मुळावर बसवून सरळ करता येते, मग मूळ वजा करून उरलेल्या फरकात खूण शोधता येते. वृत्तसंस्थांना किंवा चित्रविक्रेत्यांना मुळाशिवाय खूण ओळखावी लागते, म्हणून त्यांचा प्रश्न अवघड होतो. पडद्याच्या छायाचित्रावर हे शंभर टक्के चालेल असे मी म्हणणार नाही. मोबाईलने काढलेली तिरकी, ताणलेली छायाचित्रे घेऊन त्याची स्वतंत्र चाचणी करावी लागेल.

मृगबहार

सर, माझी शंका शेतकऱ्याच्या बाजूने आहे. खूण घालताना पिक्सेल बदलतात. ज्या बोंडात दोन मिलिमीटरची पांढरट अळी आहे, तेथेच तो बदल पडला तर? तपासनीस म्हणेल अळी नाही, आणि ज्याने खरे काम केले त्याचे गुण जातील.

झाडीपट्टी

ही शंका अगदी रास्त आहे, आणि नेहमीचे मोजमाप ती लपवते. चित्र मुळाच्या किती जवळ राहिले हे डेसिबलमध्ये सांगतात आणि ४० डेसिबलच्या वर असेल तर सहसा फरक दिसत नाही असे मानतात. पण तो आकडा संपूर्ण चित्रावरील वर्गित चुकीच्या सरासरीवरून काढलेला असतो. पोत्यावर मांडलेल्या वीस बोंडांच्या चित्रात अळीने व्यापलेली जागा हजारात एक भागाएवढीही नसते. तेवढ्या जागेत बिघाड झाला तरी सरासरी ढळत नाही.

पैनगंगाकाठ

ताई, म्हणूनच चित्र पाठवणाऱ्या विद्यार्थ्यानेच बोटाने चौकट आखून महत्त्वाचा भाग दाखवावा आणि त्या चौकटीत खूण घालूच नये, असा विचार करतो आहे. वैद्यकीय प्रतिमांच्या क्षेत्रात ही काळजी फार पूर्वीपासून घेतात. तेथे खूण काढल्यावर मूळ चित्र तंतोतंत परत मिळेल अशा पद्धतींवरही बरेच काम झाले आहे. जुन टियान यांचे २००३ चे आणि नी व सहकाऱ्यांचे २००६ चे काम त्यातलेच. पण त्या खुणा नाजूक असतात, एका दाबणीत जातात, त्यामुळे गळती शोधायला त्यांचा उपयोग नाही. आपल्याला टिकाऊ खूण आणि अस्पर्श चौकट हीच जोडी घ्यावी लागेल.

नेटच्या वेगाचाही विचार यातच येतो. गावात चार-पाच मेगाबाइटची पाच-पाच चित्रे उतरवणे कठीण जाते. म्हणून चित्राचा उरलेला भाग लहान करून पाठवावा आणि चौकटीचा तुकडा मात्र पूर्ण स्पष्टतेने वेगळा पाठवावा. जेपेगच्या प्रचलित दाबणीत रंगाचे तपशील उजेडाच्या तपशिलांपेक्षा आधी कमी केले जातात, म्हणून त्या तुकड्यासाठी रंगाची ही कपात बंद ठेवायची. नाहीतर गुलाबी अळी फिकट पडेल. आकार बदलून झाल्यावरच खूण घालायची, हा क्रम पाळला म्हणजे ती दुबळी होत नाही. हा तुकडा खुणेविना बाहेर जाऊ शकतो, हा धोका मला मान्य आहे. पण त्यात फक्त फोडलेले बोंड असते, माणूस किंवा शेत नसते.

वर्धाखोरे

मी वकिली करते, हिंगणघाटला असते. तांत्रिक भाग मी शिकण्यासाठी वाचत होते, पण दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात.

साधारणपणे छायाचित्र ज्याने काढले त्याचाच त्यावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पहिला हक्क असतो. तो विद्यार्थी आहे म्हणून हक्क आपोआप महाविद्यालयाकडे जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम ६५ब आले. हक्काची माहिती देणारी खूण जाणूनबुजून आणि अधिकार नसताना काढून टाकणे हा त्यानुसार गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही माहिती विद्यार्थ्यांना आधीच द्यावी. तसेच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. पुढे अकरावी-बारावीचे वर्ग जोडायचे ठरले तर हे विसरू नये.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. खूण सापडली म्हणजे कोणती प्रत बाहेर गेली हे सिद्ध होते, कोणी बाहेर दिली हे सिद्ध होत नाही. आपल्याकडे एकच मोबाईल भाऊ-बहीण मिळून वापरतात, दुरुस्तीला दुकानात देतात, शेजाऱ्यालाही देतात. एखाद्या मुलीच्या प्रतीची खूण जाहिरातीत सापडली आणि तेवढ्यावर तिला दोषी ठरवले, तर मूळ अन्यायावर दुसरा अन्याय होईल. खूण ही चौकशीची सुरुवात असावी, निकाल नसावा, हे नियमांतच लिहा.

पैनगंगाकाठ

ताई, हे नियमांच्या पहिल्याच पानावर जाईल. खुणेच्या जुळणीतही चुकून भलत्याच प्रतीकडे बोट दाखवले जाऊ नये म्हणून उंबरठा कडक ठेवता येतो. कॉक्स यांच्या पद्धतीत जुळणीचा गुणांक ६ च्या वर गेला तरच खूण आहे असे म्हणायचे ठरवले, तर असंबंधित खूण योगायोगाने तेथे पोहोचण्याची शक्यता साधारण अब्जात एक एवढी राहते. पण आपण म्हणता तो प्रश्न गणिताच्या पलीकडचा आहे.

त्यातून आणखी एक गुंता निघतो. खूण कोणाची हे सांगणारी यादी ज्याच्याकडे असेल, त्याला कोणी कोणाला किती गुण दिले हेही कळेल. तपासनीसाला निर्भयपणे गुण देता यावेत म्हणून ओळख झाकायची, आणि गळती झाल्यास जाब विचारता यावा म्हणून ती उघडता यायला हवी. यावर अदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेली गुपित वाटून ठेवण्याची पद्धत उपयोगी पडेल. यादीची किल्ली तीन वाट्यांत विभागायची : एक प्राचार्यांकडे, एक विभागप्रमुखांकडे, एक विद्यार्थी प्रतिनिधीकडे. कोणतेही दोन वाटे एकत्र आल्याशिवाय यादी उघडत नाही, आणि एकट्या वाट्यावरून किल्लीविषयी काहीही कळत नाही. गणित सोपे आहे, दोन बिंदूंतून जाणारी सरळ रेषा एवढेच. गुण देणारा शिक्षक या तिघांत नसावा.

मृगबहार

तिसरा वाटा विद्यार्थी प्रतिनिधीऐवजी गावातील एखाद्या शेतकऱ्याकडे ठेवता येईल का? चित्र त्यांच्या शेताचे असते.

पैनगंगाकाठ

चार वाटे करून चौथा शेतकरी प्रतिनिधीकडे द्यावा आणि उघडायला तीन लागावेत, अशी रचना त्याच पद्धतीत सहज बसते. सरळ रेषेऐवजी वक्र घ्यावा लागतो, बाकी काही बदलत नाही. मला ही सूचना फार आवडली.

झाडीपट्टी

आता गुणांच्या बाजूचे एक काम उरते. तपासायला बसण्याआधी प्रत्येकाची नजर एका पातळीवर आणली पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत विकसित झालेल्या कॅलिब्रेटेड पीअर रिव्ह्यू या पद्धतीत विद्यार्थी आधी शिक्षकांनी तपासून ठेवलेले नमुने तपासतात, त्यात ते किती जुळले यावरून त्यांच्या मताचे वजन ठरते, आणि मगच त्यांच्यापुढे सहाध्यायींचे काम येते. आपल्या लहान गटांत कल आणि विश्वासार्हता काढायला पुरेशा नोंदी मिळणार नाहीत, म्हणून या नमुन्यांवरच आपली भिस्त राहील. दहापैकी किती गुण यापेक्षा दोन टिपणांपैकी कोणते सरस, हे विद्यार्थी अधिक स्थिरपणे सांगू शकतील असे मला वाटते. अशा जोडीच्या तुलनांतून क्रम लावण्याचे ब्रॅडली-टेरी प्रारूप १९५२ पासून उपलब्ध आहे. दोन्ही प्रकारे गुण घेऊन पाहावे.

यासाठी शिक्षकांनी एकमताने तपासलेली नमुना छायाचित्रे लागतील. डोमकळी, अळीने पोखरलेले बोंड, निरोगी बोंड, आणि फसवे नमुनेही, म्हणजे दुसऱ्या कारणाने न उमललेले फूल किंवा पावसाने सडलेले बोंड. मृगबहार भाऊ, आपल्या ओळखीच्या शेतकऱ्यांकडून त्यांच्या संमतीने अशी छायाचित्रे मिळू शकतील का?

मृगबहार

मिळतील. आमच्याकडे संत्रा जास्त असला तरी मोर्शीकडील नातेवाइकांच्या शेतात पऱ्हाटी आहे. पात्या-फुलांची वेळ चालू आहे, डोमकळ्या आताच दिसतील, बोंडांची छायाचित्रे मात्र थोडी पुढे मिळतील. संमतीपत्र वर्धाखोरे ताईंनी साध्या मराठीत एका पानात लिहून द्यावे, म्हणजे शेतकऱ्यांना वाचून दाखवता येईल. चेहरा, बैलजोडी, विहीर किंवा घर यांपैकी काहीही चौकटीत येणार नाही असे पाहतो, आणि मोबाईलची स्थाननोंद बंद ठेवूनच काढतो.

वर्धाखोरे

संमतीपत्राचा मसुदा या आठवड्यात येथेच टाकते. छायाचित्र केवळ शिक्षणासाठी वापरले जाईल, शेतकऱ्याला केव्हाही ते काढून टाकण्यास सांगता येईल, आणि त्यासाठी कोणाला फोन करायचा, ही तीन वाक्ये मोठ्या अक्षरांत सर्वांत वर ठेवीन.